क्लायंटसमोर बसणाऱ्या क्लाउड सिक्युरिटी इंजिनिअरचं काम नेमकं कसं असतं? एसओसी (हल्ल्यांवर नजर ठेवणारं सुरक्षा केंद्र) सोडून यात यावं का?

एसओसीत अलर्ट बघून कंटाळला असाल, तर या. पण एक समजून या: इथे चूक शोधणं हा सोपा भाग आहे. मी पुण्यातून हे काम करतो, क्लायंट बहुतेक बँकिंग आणि विम्यातले. क्लायंट आपल्याला त्याच्या क्लाउडमध्ये फक्त वाचण्यापुरता रोल (परवानग्यांचा संच) देतो. स्कॅनर (चुकीच्या सेटिंग्ज शोधणारं टूल) लावला की फाइंडिंग्जचा, म्हणजे सापडलेल्या त्रुटींचा, ढीग पडतो. त्या बंद करायच्या असतात त्यांच्या टीमने, आणि त्या टीमचं शुक्रवारी रिलीज असतं.

मग कॉलवर "हे क्रिटिकल आहे" म्हणून काही हलत नाही. सगळ्या जगाला उघडा ठेवलेला पोर्ट २२ (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचा दरवाजा) दिसला, की मी विचारतो, हा बंद केला तर काय मोडेल? बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं, कारण उघडणारा कधीच कंपनी सोडून गेलेला असतो. अशा वेळी फ्लो लॉग (नेटवर्कवर कोण आलं-गेलं याची नोंद) काढून दाखवायचे: गेल्या कित्येक आठवड्यांत इथे बॉट सोडून कुणी फिरकलेलं नाही. मग बदलाचं तिकीट आपोआप निघतं.

दुसरं कसब म्हणजे फाइंडिंग्ज जोडून वाचणं. कॅपिटल वन या अमेरिकन बँकेचं २०१९चं डेटाचोरीचं प्रकरण घ्या. फायरवॉलचं कॉन्फिगरेशन चुकलेलं, त्यातून मेटाडेटा सर्व्हिसपर्यंत (सर्व्हरला त्याची माहिती आणि चाव्या पुरवणारी क्लाउडची सोय) पोचता आलं, तिथून रोलची तात्पुरती क्रेडेन्शियल्स मिळाली आणि त्या रोलला गरजेपेक्षा जास्त बकेट (फाइल साठवायच्या जागा) वाचता येत होत्या. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी लोकांची माहिती गेली, पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलर दंड झाला. सुटे सुटे पाहिले तर हे दुवे रिपोर्टात मधल्या पानावर पडून राहतील असेच. स्कॅनर त्यांची नुसती यादी देतो. साखळी दाखवायला माणूस लागतो, आणि क्लायंट पैसे त्याचेच देतो.

नियमही तोंडपाठ हवेत. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडमधल्या क्लाउडट्रेलची (खात्यात कुणी काय केलं याची नोंद) इव्हेंट हिस्टरी मात्र ९० दिवसांचीच. वेगळा ट्रेल करून बकेटमध्ये साठवला नाही तर त्याहून जुनं सगळं गायब. "आमचं लॉगिंग चालू आहे" म्हणणाऱ्याला हे नक्की विचारा.

त्रास? क्लायंट अमेरिकेतला असेल तर संध्याकाळ गेली. शिवाय "रिस्क मान्य आहे" असं लिहून सही करणारे मॅनेजर भेटतात. तेव्हा मेल जपून ठेवायचा आणि गप्प बसायचं. हे मला अजूनही जड जातं.

सर्टिफिकेट एचआरच्या चाळणीपुरतं. तुम्हाला लॉग वाचता येतात, ते मोठं भांडवल. आता आयएएम पॉलिसी (कुणाला काय करता येईल याचे नियम) डोळ्यांनी वाचायला शिका आणि टेराफॉर्म (क्लाउडची रचना कोडमध्ये मांडायचं टूल) लिहायला. दुरुस्ती त्यांच्याच कोडमध्ये लिहून दिली, की डेव्हलपर वाद घालत नाही, मर्ज करतो, म्हणजे आपल्या कोडमध्ये सामील करून घेतो.