बाराच्या बारा तुकडे निगेटिव्ह, तरी पीएसए वाढतोय. पुन्हा बायोप्सी करावी का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या प्रोस्टेटमधून (मूत्राशयाखालच्या ग्रंथीतून) बायोप्सीच्या सुईने काढलेले बाराही तुकडे कॅन्सरसाठी निगेटिव्ह आले, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) मात्र 7 वरून 9 वर गेला, आणि घरचे म्हणतात आता सुया पुरे. 2018 साली आमच्या घरात हेच बोलणं झालं. बोलणारा माझा थोरला भाऊ. "शितावरून भाताची परीक्षा होते, आपण तर बारा शितं बघितली."

शितावरून परीक्षा होते, कारण भात सगळीकडे सारखा शिजतो. गाठ एकाच कोपऱ्यात बसलेली असते.

लातूरला आमची अडत होती. अण्णा, म्हणजे आमचे वडील, तुरीच्या पोत्यात पोकळ सळई खुपसायचे: एकदा तोंडाशी, एकदा मध्यावर, आणि मग वाकून तिरकी, थेट बुडापर्यंत. दाणे तळहातावर पसरून अंगठ्याने बाजूला सारत बघायचे. वरून दहा वेळा बघितलं तरी ते एकदाच बघितल्यासारखं, हे त्यांनी मला दुकानात बसल्या दिवशी शिकवलं. आणि त्याच माणसाच्या प्रोस्टेटमधले बाराही तुकडे मागच्या बाजूचे होते. त्या पद्धतीत सुई गुदमार्गातून जाते, तिला मागचा भाग जवळ पडतो.

1989 मध्ये स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी सहा ठराविक जागांवरून तुकडे घ्यायची पद्धत मांडली, पुढे सहाचे बारा झाले. 40 मिलीलिटरच्या ग्रंथीतून बारा सुया जेमतेम अर्धा टक्का मांस बाहेर आणतात. पण तेवढ्याने लगेच निराश होऊ नका, कारण सुई ही रेघ आहे, तिला गाठीला नुसतं छेदून जायचं असतं. सेंटीमीटरभर गाठीला एक सुई लागण्याची शक्यता माझ्या ढोबळ हिशेबाने 6 टक्के. बारा सुया आंधळेपणाने मारल्या तर बाराही चुकण्याची शक्यता 0.94 चा बारावा घात, म्हणजे जवळजवळ 48 टक्के. सारख्या अंतरावर मारल्या तर बरंच सुधारतं. पण जिथे सुई जातच नाही, तिथे शक्यता शून्य, आणि शून्याला कितीही वेळा गुणा.

दादाशी माझं भांडण नेमकं इथलं. आठ महिन्यांनी पीएसए 14 झाला, तेव्हा त्याच पद्धतीने पुन्हा बारा तुकडे काढले. पुन्हा स्वच्छ. दादा म्हणाला, "आता चोवीस झाले." चोवीस नव्हते झाले. तेच बारा दोनदा झाले होते. मी हट्टाने एमआरआय करायला लावला. गाठ पुढच्या भागात. तिथे नेम धरून तीन सुया घातल्या, तिन्हीत कॅन्सर, ग्लीसन 4+3, म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखा नाही असा.

ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात (2017) 576 पुरुषांत दर 5 मिलिमीटरवर सुई घालून खरी परिस्थिती पाहिली होती. नेहमीच्या बायोप्सीने गंभीर कॅन्सरपैकी 48 टक्के पकडले, एमआरआयने 93 टक्के. दादाला हे दाखवलं तर तो म्हणतो, गाठ पहिल्या वेळी नसेलच. आठ-दहा महिन्यांत शून्यातून तेवढी होते का, हे त्याने कुठल्याही युरॉलॉजिस्टला विचारावं.

तर पुन्हा तशीच बायोप्सी नको. आधी एमआरआय, मग त्यात दिसलेल्या जागी सुया.

मी डॉक्टर नाही. पीएसए नुसत्या सुजेनं किंवा ग्रंथी वाढल्यानंही चढतो, आधी लघवीची तपासणी झाली आहे का बघा. एमआरआय खोटा इशाराही बराच देतो. वडिलांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. ऐंशीच्या पुढे असतील तर हळू वाढणारी गाठ शोधून त्यांना त्रास देण्यात अर्थ नसतो. जुना रिपोर्ट मात्र आज काढा आणि बारा तुकड्यांपुढे जागा लिहिलेल्या असतात त्या वाचा. पुढच्या भागातला एकही नसेल, तर तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.