रिकाम्या खाटेची किंमत

प्रिय मित्रा,

तुझ्या आरोग्यसेवेवरच्या खेळाचा आराखडा मिळाला. पत्ते देखणे झालेत. पण मी कागद-पेन्सिल घेऊन एकट्यानेच डाव मांडला आणि तिसऱ्या फेरीत मला गुरुकिल्ली सापडली: दर वेळी नर्स वाढवायच्या. पुढे डोकं चालवायची वेळच आली नाही. जी चाल कधीच अंगाशी येत नाही ती पेचात पाडत नाही, आणि तुला तर पेचच शिकवायचा आहे.

यावर नर्सचा पगार वाढवशील, तर खेळाडू नुसता हिशेब करेल. त्यापेक्षा वेळ खर्ची पडू दे. आज नेमलेली नर्स तीन फेऱ्यांनी पूर्ण कामाला लागावी आणि तोवर तिला शिकवण्यात एका जुन्या नर्सचा अर्धा वेळ जावा. म्हणजे उद्याची रांग आटोक्यात आणायची तर आजची वाढवावी लागते. असा निर्णय घेताना माणसाचा हात पत्त्यावर घुटमळतो. तुझा खेळ तिथे सुरू होतो.

उशिरा दिसणाऱ्या परिणामांचा गोंधळ बघायचा असेल तर अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात 1960च्या सुमारास तयार झालेला ‘बिअर गेम’ खेळून बघ. दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक, कारखाना अशी साखळी. गिऱ्हाइकाची मागणी एकदाच 4 पेट्यांवरून 8 वर जाते आणि तिथेच थांबते. तरी माल आधी संपतो, मग त्याचा डोंगर होतो आणि प्रत्येक जण शेजाऱ्याला बोल लावतो. शेवटी मागणीचा कागद उघडला की सगळे गप्प. आरोग्यसेवेवरच्या खेळालाही असा एक कागद हवा.

तुझ्याकडे तो आहे, फक्त तू तो वापरला नाहीस. आराखड्यात दर फेरीला बरोबर सहा रुग्ण येतात. असे शिस्तीत कुठे येतात रे! फासे टाक. एकच डॉक्टर, रुग्ण अवचित येणारे, प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त, असं धर. रांगांच्या गणितातल्या अगदी साध्या सूत्राने, डॉक्टर 80 टक्के वेळ कामात असेल तर तपासणीतला धरून सरासरी 4 रुग्ण असतात. 90 टक्क्यांना 9. 95 टक्क्यांना 19. शेवटच्या पाच टक्क्यांची काटकसर दहा माणसांना बसवून ठेवते. खाटांचा आकडा वेगळा येईल, पण वळण हेच. हिशेबाच्या वहीत रिकामी खाट उधळपट्टी दिसते आणि रात्री दोन वाजता तीच एकमेव जागा असते. खेळाडूला हिशेबाचा आणि रात्रीच्या रांगेचा, असे दोन्ही कागद दाखव, एकापाठोपाठ एक.

आता गुणांचं. सगळ्याची बेरीज करून एकच आकडा देऊ नकोस. इंग्लंडमध्ये रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाला चार तासांत भरती करायचं, घरी सोडायचं किंवा दुसरीकडे पाठवायचं, असं लक्ष्य ठरवलं गेलं. रुग्ण बाहेर पडण्याच्या वेळा मांडल्या तर चार तास भरायच्या आधीच्या काही मिनिटांत उंच सुळका दिसायचा. तुझे खेळाडूही आकड्यामागेच धावतील. प्रतीक्षा, खर्च, कर्मचाऱ्यांचा थकवा, परत भरती झालेले रुग्ण, असे चार रकाने वेगळे राहू देत. कोणता जास्त मोलाचा यावर टेबलाभोवती भांडण होऊ दे.

माझ्या पहिल्या खेळात मी मृत्यूला उणे दहा गुण दिले होते. चाचणीला बसलेल्या एका अनुभवी नर्सने पत्ता उलटा ठेवला आणि विचारलं, "दहाच?" त्या रात्री मी तो रकाना खोडला. नंतरच्या खेळात रुग्णाचा पत्ता टेबलावर तसाच राहायचा, कुणी उचलायचं नाही.

खेळून झाल्यावरची चर्चा तू पाच मिनिटांत उरकली आहेस. तासभर खेळलात तर तासभर बोला. खेळ त्या बोलण्यासाठीच असतो.

पुढचा मसुदा कोऱ्या कागदावर, पेन्सिलीने. चित्रं नकोत, नाहीतर खोडायला जीव होणार नाही. आणि पाठवण्याआधी तो अशा कुणाशी तरी खेळ, ज्याने रात्रपाळीत वॉर्ड सांभाळला आहे.

तुझा,
एक जुना खेळगडी