छोट्या बॅचच्या आरपीएन कॅल्क्युलेटरचं फर्मवेअर ओपन सोर्स केलं, तर कुणी क्लोन काढेल का?

तुम्ही काही शे नगांचा आरपीएन कॅल्क्युलेटर (ज्यात आधी आकडे द्यायचे आणि मग क्रियेची कळ दाबायची) काढताय आणि त्याचं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारा आतला कोड, खुला केला तर कुणीतरी स्वस्त नक्कल बाजारात आणेल, अशी धास्ती तुम्हाला वाटतेय. अशा यंत्रांची फर्मवेअर मी छंद म्हणून बरीच वर्षं वाचत आलोय. माझं मत स्पष्ट आहे: कोड खुला करा.

नक्कल करणाऱ्याला सोर्स कोड लागतच नाही. त्याला हवी तयार बायनरी, म्हणजे चिपवर थेट चालणारी फाइल, आणि ती तुम्ही स्वतःच अपडेटची फाइल म्हणून सगळ्यांना देणार आहात. तीच चिप, तशीच जोडणी, फाइल चढवली की काम झालं. हे अडवायचं तर फाइल एन्क्रिप्ट करा, चिपचं रीडआउट प्रोटेक्शन, म्हणजे आतला कोड बाहेर वाचू न देणारं कुलूप, लावा. पण व्होल्टेजला क्षणभर झटका देऊन असली कुलपं फोडल्याची उदाहरणं आहेत, आणि कुलपाचा त्रास होतो तो मात्र प्रामाणिक ग्राहकाला.

खरा खर्च आणि खरी मेहनत कळांमध्ये आहे. कळ दाबताना बोटाला जाणवणारी ‘टक्’ आणि आत होणारा संपर्क एकाच क्षणी व्हायला हवा. ‘टक्’ आधी आणि संपर्क नंतर झाला तर घाईत टाइप करणाऱ्याचे अंक गळतात, आणि आरपीएनवाला गिऱ्हाईक हे पहिल्या पाच मिनिटांत ओळखतो. हे जमवायला साचे पुन्हा पुन्हा दुरुस्त करावे लागतात. इतक्या लहान बाजारासाठी तेवढा पैसा ओतणारा नकलाकार विरळाच.

खुल्या कोडचा फायदा मात्र डोळ्यांसमोर आहे. एचपी-२०बी आणि ३०बी ही साधी आर्थिक कॅल्क्युलेटरं; हौशी मंडळींनी त्यांवर डब्ल्यूपी ३४एस हे फर्मवेअर चढवून त्यांचं पूर्ण वैज्ञानिक यंत्र करून टाकलं. १९८८च्या एचपी-४२एसची नव्याने लिहिलेली आवृत्ती म्हणजे फ्री४२. त्यात एचपीचा कोड नाही, आणि तीच स्विसमायक्रोस कंपनीच्या डीएम४२ कॅल्क्युलेटरमध्ये चालते. म्हणजे खुल्या कोडवर विकाऊ यंत्र उभं राहतं. उलट बाजूला नमवर्क्स ही कॅल्क्युलेटर कंपनी: त्यांनी २०२१मध्ये बूटलोडरला, म्हणजे यंत्र सुरू होताना फर्मवेअर चालू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, कुलूप घातलं. परीक्षा मोडचं (परीक्षेत काही सुविधा बंद ठेवण्याचं) कारण मला समजतं, पण ओमेगासारख्या पर्यायी फर्मवेअरची वाट त्याने बंद झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.

लायसन्स जीपीएल घ्या. क्लोनवाल्याला विकायला बंदी करता येणार नाही, पण केलेले बदल सोर्ससकट ग्राहकाला द्यावे लागतील. ‘व्यावसायिक वापर नको’ अशी अट घातलीत तर त्याला ओपन सोर्स म्हणू नका. फ्री४२चा कोड आत असेल तर निवडीचा प्रश्नच नाही, तो जीपीएलच आहे. जुन्या यंत्राचा मूळ रॉम (चिपमध्ये कायमचा साठवलेला प्रोग्राम) वापरत असाल तर तो तुमचा नाही, खुला करायचा हक्कही तुमचा नाही.

जपायचं ते नाव. आर्डुइनोचे खुल्या रचनेचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड कुणीही बनवू शकतं, पण ‘आर्डुइनो’ हे नाव ट्रेडमार्क आहे. तुम्हीही नाव आणि चिन्ह नोंदवा. क्लोन घेतलेले लोक तक्रारी घेऊन तुमच्याच दारात येतील, हा त्रास मला कोडचोरीपेक्षा मोठा वाटतो. म्हणून बूटलोडरने तुमची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर ‘अधिकृत’ म्हणून दाखवावं आणि बाकीचं सूचना देऊन चालू द्यावं, अडवू नये.

क्लोनमध्ये तुमचाच कोड असल्याचा संशय आलाच तर त्यावर अंश मोडमध्ये ९चं साइन, आलेल्या उत्तराचं कोसाइन, मग त्याचं टॅन घ्या आणि व्यस्त फलनांनी उलट क्रमाने परत या. उत्तर ९ यायला हवं, पण शेवटचे अंक ज्याच्या त्याच्या गणनपद्धतीप्रमाणे घसरतात. तुमच्याशी शेवटच्या अंकापर्यंत जुळलं तर गणिताचा कोड तुमचाच असण्याची शक्यता दाट.

रेपॉझिटरी (कोड आणि त्यातला प्रत्येक बदल साठवणारी जागा) जाहीर करण्याआधी तिचा जुना इतिहास नीट चाळा. सही करायची खासगी किल्ली कधी चुकून कमिट झाली असेल तर ती फाइल नुसती पुसून भागणार नाही, किल्लीच बदला.