शोरूमच्या मुलाखतीला जाण्याआधी

चि. बाय हिस,
सप्रेम आशीर्वाद.

पर्वरीच्या इलेक्ट्रॉनिक्स शोरूममधून मुलाखतीचं बोलावणं आल्याचं ताईने सांगितलं. फार बरं वाटलं. पण तू टीव्ही-फ्रीजची मॉडेलं पाठ करत बसली आहेस म्हणे, ते आधी थांबव. मॉडेलं दर वर्षी बदलतात आणि नव्या मुलांना ती शिकवायला कंपन्यांचे ट्रेनर येतात. म्हापशात शोरूम सांभाळताना मी बऱ्याच मुलाखती घेतल्या. समोरच्याला काय हवंय ते ही मुलगी विचारते की आपलंच बोलत सुटते, एवढंच मी बघायचो.

"हा एसी मला विका," असं तुला बहुतेक सांगतील. तिथे नव्वद टक्के मुलं लगेच इन्व्हर्टर, वायफाय, टर्बो कूलिंग सुरू करतात. तू विचार, "एसी कुठे बसवायचाय?" समज, ते म्हणाले मोरजीला, भाड्याने देतो त्या खोलीत. मग खोली केवढी, वर स्लॅब आहे की कौलं, बाहेरचं युनिट समुद्राच्या अंगाला येणार का, हे एकेक करून विचार. किनाऱ्यावरचा खारा वारा बाहेरच्या युनिटच्या जाळ्या खातो. म्हणून तिथे गंजरोधक लेप असलेली तांब्याची कॉइल सुचवायची आणि साध्या पाण्याने ती वरचेवर धुवून घ्या, असंही सांगायचं.

मग स्टार लेबल दाखव. त्यावरचा वर्षाला लागणाऱ्या विजेच्या युनिटचा आकडा १,६०० तासांच्या वापराचा असतो, म्हणजे रोज आठ तास धरले तर २०० दिवस. भाड्याच्या खोलीत सीझनला एसी रात्रभर चालतो, कधी दिवसाही. तिथे फाइव्ह स्टारचे जादा पैसे वीजबिलातून लवकर वसूल होतात. तेच, फक्त मे महिन्यात पाहुणे येतात तेव्हा लावायचा असेल, तर थ्री स्टार पुरे, असं सरळ सांग. महागडी वस्तू बाजूला ठेवून योग्य ती दाखवणारी मुलगी मॅनेजर विसरत नाही.

किमतीवर बोलणं गेलं तर जीएसटीचं ठाऊक असू दे. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. फ्रीज आणि वॉशिंग मशीनवर तो २०१८ पासूनच १८ टक्के आहे. त्यामुळे फ्रीजही आता स्वस्त झाला, असं बोलून जाऊ नकोस.

"एक्स्टेंडेड वॉरंटी गिऱ्हाइकाने नको म्हटली तर काय कराल?" हा प्रश्न अवघड, कारण तिथे टार्गेट असतं. टार्गेटला नाकं मुरडू नकोस. आधी त्यात काय काय येतं ते नीट सांगेन, म्हण. पुष्कळ कंपन्यांची दहा वर्षांची वॉरंटी फक्त कॉम्प्रेसरवर असते. गॅस, सर्किट बोर्ड, मजुरी त्यात धरलेली नसते. हे एकदा समजावायचं आणि तरीही नको म्हणाले तर सोडून द्यायचं. न विचारता बिलात घालायची गोष्ट ही नव्हे, आणि यावर तू ठाम राहावंस असं मला मनापासून वाटतं. आपला गोवा लहान आहे. आज फसलेलं गिऱ्हाईक उद्या जत्रेत भेटतं, नाहीतर कदंबाच्या बसमध्ये शेजारी येऊन बसतं.

"अनुभव काय?" याला "काहीच नाही" असं म्हणू नकोस. वाड्यावरच्या आज्यांचे मोबाइल तूच लावून देतेस ना? मागे शेजारच्या आजीला ओटीपी कुणाला सांगायचा नाही हे तू तिच्या बोलीत, तिचा फोन तिच्याच हातात ठेवून शिकवलंस. तोच प्रसंग सांग. मॅनेजर मधेच इंग्रजीत वळला तर छोटी वाक्यं बोल. काउंटरवर कोकणी, मराठी, हिंदी सगळंच लागतं, आणि ते तुझ्याकडे आहे.

चवथीच्या आणि दिवाळीच्या आधी गर्दी असते, रविवारी तर असतेच. तेव्हा सुट्टी मिळणार नाही. घरी गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची असते, चवथीचा एक दिवस मला लागेल, बाकी मी आहे, असं आधीच सांगून टाक. शोरूम किती वाजता बंद होतं तेही विचार, साखळीची शेवटची बस चुकली तर तू येणार कशी?

आणि एक गोष्ट विचारल्याशिवाय उठू नकोस: नेमणूक कुणाच्या रोलवर, म्हणजे कुणाच्या नोकरपटावर आहे? शोरूममधली बरीच मुलं ब्रँडची प्रमोटर असतात आणि त्यांचा पगार तिसरीच एजन्सी काढते. मूळ पगार किती, इन्सेंटिव्ह कशावर, पीएफ कापतात का, हे स्वच्छ विचार. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमाही लागू होतो. त्यात तुझ्या पगारातून ०.७५ टक्के जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

आदल्या दिवशी त्याच शोरूममध्ये गिऱ्हाईक म्हणून अर्धा तास फिरून ये. कुणी हाक मारली, काय विचारलं, ते मला रात्री फोनवर सांग. मग एसीची विक्री आपण दोघं एकदा करून बघू. गिऱ्हाईक मी होईन.

तुझा,
मामा