परिषदेला जायचंय, व्हिसा कोणता?

प्रश्न : मी अमळनेरला वनस्पतिशास्त्र शिकवते. केळीवरच्या करप्याबद्दलचा माझा शोधनिबंध व्हिएन्नाच्या परिषदेत स्वीकारला गेलाय. परिषद 4 दिवस, पुढे 6 दिवस म्युनिकला मावसभावाकडे राहायचं आहे. एजंट म्हणतो, टुरिस्ट व्हिसा काढा, भानगड कमी. काढू का?

उत्तर : नको. शेंगेनचा, म्हणजे ऑस्ट्रिया-जर्मनीसह एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, अल्पमुदतीचा व्हिसा एकच, 'सी' प्रकारचा. पर्यटन की परिषद हे अर्जातल्या हेतूच्या रकान्यात लिहायचं असतं आणि त्यावरून कागदपत्रांची यादी बदलते. परिषद बहुतेक ठिकाणी 'बिझनेस'च्या यादीत धरतात. अर्जात पर्यटन आणि सोबत परिषदेचं निमंत्रण असेल, तर हेतू पटला नाही म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ती नोंद त्यांच्या संगणकात 5 वर्षं राहते, एजंट तोवर दुसरं गिऱ्हाईक पाहतो.

खरा गुंता अर्ज कुठल्या देशाकडे करायचा, याचा आहे. मुख्य मुक्काम जिथे, त्या देशाकडे करायचा हा नियम. मुख्य म्हणजे हेतूने किंवा दिवसांनी. तुमचा हेतू ऑस्ट्रियात आणि जास्त दिवस जर्मनीत, म्हणजे वादाला जागा आहे. आमचं ऐकाल तर म्युनिक 3 दिवसांवर आणा. मग दोन्ही हिशेबांनी ऑस्ट्रियाच येतं.

आता कागद. निमंत्रणपत्रावर पासपोर्टवरचंच पूर्ण नाव हवं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, निबंधावर मात्र नुसती आद्याक्षरं, आणि आयोजक निबंधावरचंच नाव उतरवतात. पासपोर्ट क्रमांक, तारखा, निबंधाचं शीर्षक आणि खर्च कोण करणार हे घालून पत्र नव्याने मागवा. कॉलेजच्या ना-हरकत पत्रात हमखास होणारी चूक म्हणजे रजा परिषदेच्या 4 दिवसांचीच मंजूर आणि परतीचं तिकीट त्यानंतरचं. प्रवासाचे आणि म्युनिकचे दिवस धरून रजा मंजूर करून घ्या. पत्रात हुद्दा आणि रुजू झाल्याची तारीखही असू द्या. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यावर अचानक 3 लाख जमा दिसले, तर कुठून आले हे विचारलं जाणारच. भावाने दिले असतील तर तसं त्याचं पत्र जोडा.

विमा किमान 30,000 युरोंचा, सगळ्या दिवसांचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला, तिथून निघाल्यावर आणखी 3 महिने चालणारा, आत दोन कोरी पानं. शुल्क 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचा सेवाआकार. बोटांचे ठसे गेल्या 59 महिन्यांत शेंगेनसाठी दिले नसतील तर ते द्यायला मुंबईची फेरी चुकत नाही. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून 15 दिवस आधीपर्यंत घेतात. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण 45 दिवसही लागू शकतात. म्हणून दोन महिने हाताशी ठेवूनच अर्ज करा. तिकिटाचं नुसतं आरक्षण करा, पैसे परत न मिळणारं तिकीट आधी घेऊ नका.

प्रश्न : अमेरिकेतल्या परिषदेला जायचंय. तिथलं एक विद्यापीठ व्याख्यानाचं मानधनही देतंय. चालेल का? (पीएच.डी. विद्यार्थी, धुळे)

उत्तर : परिषदेसाठी बी-1, म्हणजे कामानिमित्त भेटीचा व्हिसा, पुरतो. डीएस-160 या ऑनलाइन व्हिसा अर्जात 'बिझनेस/कॉन्फरन्स' हाच पर्याय निवडा. शिक्का बहुधा बी-1/बी-2 (बी-2 म्हणजे पर्यटनाचा) असा एकत्र मिळतो. मानधन घेता येतं, पण अटी आहेत : एका संस्थेत जास्तीत जास्त 9 दिवसांचं काम आणि गेल्या 6 महिन्यांत अशा 5 पेक्षा जास्त संस्थांकडून मानधन घेतलेलं नको. देणारी संस्था विद्यापीठ किंवा ना-नफा संशोधन संस्था असावी. पत्रात रक्कम आणि दिवस लिहून घ्या. तिथेच काही महिने प्रयोगशाळेत काम करायचं ठरत असेल, तर बी-1 वर ते बसत नाही. विद्यापीठाकडून डीएस-2019 हे पात्रतेचं प्रमाणपत्र मागवून जे-1, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा, काढा.