नुसत्या कोडवरून मधुमेहाचा प्रकार ठरवू नकोस

रुग्णाच्या नोंदीत ई१० (आयसीडी-१० या आजारांच्या कोड-यादीतला टाईप १ मधुमेहाचा कोड) दिसला की टाईप १ असं धरून चालू नकोस. एकाच रुग्णाच्या नावावर ई१० आणि ई११ (टाईप २ चा कोड) दोन्ही सापडतात. इन्सुलिन चालू आहे एवढंही पुरेसं नाही. टाईप २ च्या कित्येकांना पुढे ते लागतंच. मी आधी पाहतो ते निदानाचं वय आणि निदानानंतर इन्सुलिन किती लवकर, सलग सुरू झालं ते. पण वयावर फार विसंबू नकोस, टाईप १ तिशीनंतरही होतो, आणि तेच रुग्ण सर्वांत जास्त चुकीच्या गटात पडतात. सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी तपासणी) किंवा जीएडी अँटीबॉडीचा (टाईप १ मध्ये बहुधा सापडणारी प्रतिपिंडं) रिपोर्ट असेल तर तो आधी उघड. आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी पीसीओएससाठीही (स्त्रियांमधला हार्मोन्सचा एक विकार) देतात, त्यामुळे केवळ त्या गोळीवरून कुणाला मधुमेही ठरवू नकोस.