गावच्या वाचनालयासाठी विज्ञानाला तत्त्वज्ञान-संस्कृतीशी जोडणारी मासिकं कोणती?

वाचनालयात अशी कोणती नियतकालिकं ठेवावीत आणि लोक ती वाचतील कसे, असं तुम्ही विचारलंय.

सुरुवात आपल्या विदर्भातल्या ‘आजचा सुधारक’पासून करा. अमरावतीला तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या प्रा. दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये ते नागपुरातून काढलं. आता ते ऑनलाइन निघतं, जुने अंकही तिथेच वाचता येतात. श्रद्धा म्हणजे काय, पुरावा कशाला म्हणायचं, यावर मराठीत इतक्या चिकाटीनं कुणी क्वचितच लिहिलं असेल. जोडीला मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका आणि पुण्याचं ‘शैक्षणिक संदर्भ’ घ्या. इंग्रजी वाचणारं कुणी असेल तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीचं ‘रेझोनन्स’ (१९९६ पासून) आणि ‘एऑन’ या ऑनलाइन नियतकालिकातले निबंध, दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत.

नुसती वर्गणी भरली की अंक कपाटात जातो नि तिथेच राहतो. महिन्याला एकच लेख घ्या, चार पानांच्या आतला. तालुक्याला कुणी गेलं की पाठपोट आठ-दहा झेरॉक्स मागवा आणि बैठकीच्या चार दिवस आधी वाटा. पेरणीचे आणि कापूस वेचणीचे दिवस सोडा, तेव्हा कुणी येणार नाही.

लेखातला मुद्दा गावातल्या गोष्टीला भिडवा. मृगाचंच घ्या. मृग लागतो ७-८ जूनच्या सुमारास, आणि तो ठरतो ताऱ्यांवरून, म्हणजे सूर्य ताऱ्यांच्या कोणत्या भागात आला त्यावरून. पाऊस मात्र ऋतूंसोबत चालतो. पृथ्वीच्या आसाची दिशा सावकाश बदलत असल्यानं या दोन्हींत सुमारे ७१ वर्षांत एक दिवसाचं अंतर पडतं. हजार वर्षांपूर्वी मृग ऋतूच्या हिशेबानं दोन आठवडे आधी लागायचा. मग ‘मृगाची पेरणी’ हा नियम कोणत्या काळच्या अनुभवातून आला? आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, ही कृषी विद्यापीठांची शिफारस कशावर उभी आहे? पहिल्या सरीवर बियाणं टाकून पुढे खंड पडला की दुबार पेरणीचा खर्च कुणाच्या बोकांडी बसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे इथे सगळे बोलतात.

बहुतेक वेळा बिनसतं ते इथेच. चर्चा ‘पंचांग खरं की खोटं’ या भांडणावर जाते आणि म्हातारी माणसं उठून जातात. म्हणून फळ्यावर आधीच तीन रकाने आखा: काय दिसलं, त्यावरून काय मानलं, ते चुकीचं असेल तर कळेल कसं. जो बोलेल त्याचं वाक्य कोणत्या रकान्यात जातं, ते त्यालाच ठरवू द्या.